फाटकं पान

बासिलियाने कोकाच्या पानांची पुरचुंडी मांडीवरच्या फडक्यात उपडी केली आणि धड पानं बाजूला सारून फाटकी तेवढी वेचायला घेतली.

अंगणात योवाना नव्या बुटांच्या नाड्या आवळत होती. नऊ वर्षांनी लिमाहून उगवलेली धाकटी! बारा वर्षं दरसाल बाबांबरोबर खिंडीपर्यंतचा तो छातीवर येणारा चढ चढली ती बासिलिया. त्यांची नजर मंदावल्यावर हाताला धरून नेलं तेही तिनेच. आणि यंदा आईच्या नावाचा दगड खिंडीत ठेवायचा, तर मान कुणाला? आईच्या मातीलाही न आलेल्या या बाईला! बासिलियाच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

“ताई, भाजका मका किती घेऊ?”

“घे की पोतंभर. शहरात भूक मोठी लागते म्हणे.”

“सकाळी सकाळी टोमणे?”

“छे गं! आम्ही कोण टोमणे मारणारे? आम्ही आपले बटाटे उकडून बांधून देणारे.”

योवानाने आईसाठी निवडलेला दगड पदराआड धरावा तसा शालीत धरला होता.

बाबा, म्हणजे म्हातारे तेओफिलो, उंबऱ्यावर येऊन बसले आणि त्यांनी तळहात पुढे केला. निघण्याआधी तीन अखंड पानं घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातात द्यायची, खिंडीत पोचल्यावर तीच डोंगराला वाहायची. त्यातलं एक जरी फाटकं निघालं, तरी डोंगराने बोलावलं नाही असं समजून त्या दिवशी पाऊल उचलायचं नाही. आणि योवानाची परतीची बस तर उद्याच होती. बासिलियाने तीन पानं नीट जुळवून त्यांच्या हातावर ठेवली.

बाबांनी अंगठ्याने कडा चाचपल्या. एकदा, पुन्हा एकदा.

“फाटलंय,” ते म्हणाले.

योवाना मटकन खाली बसली. “जाऊ दे, बाबा. आईला मी नकोच असेन.” एवढं बोलून ती लहान पोरीसारखी हमसाहमशी रडू लागली.

हेच तर हवं होतं बासिलियाला. मग आनंद का होत नव्हता, तिचं तिलाच कळेना.

“पानं मी निवडलीत, बाबा.”

“ठाऊक आहे. बारा वर्षं तूच निवडतेस. एकदाही चूक झाली नाही तुझी.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ती तीन पानं त्यांनी गालात सारली, सावकाश चघळली आणि रिकामा तळहात पुन्हा पुढे केला.

बासिलियाने फडकं ओढलं. पण डोळे असे भरून आले होते, की धड कुठलं आणि फाटकं कुठलं काही दिसेना. तिने बाहीने नाक पुसलं.

“ए, रडूबाई,” ती योवानाला म्हणाली, “इकडे ये. पान देठाला धरायचं आणि उजेडासमोर न्यायचं. बघ, असं.”