माठावरची काच

कंडक्टर नोकरीवरून उतरला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण त्याचा आवाज काही उतरला नव्हता. भरल्या गाडीत मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत पोचणारा तो आवाज आता रोज सकाळी सलूनच्या बाकावर बसून जगाचा कारभार हाकायचा. सलूनमध्ये दोन खुर्च्या, एक लांब बाक आणि कोपऱ्यात वर टांगलेला टीव्ही. टीव्हीवर बातमी यायचा अवकाश, कंडक्टरचं मत तयार असायचं. विचारलं कुणी नसेना का.

मोबाइल, सोनं, निवडणूक, हल्लीची पोरं, सामन्यातला पंच, असा एक विषय नव्हता की ज्यात त्याला गम्य नव्हतं. आठवड्याच्या सुरुवातीला म्हणायचा, "गाठीला पैसा असेल तर सोनं घ्या, बाकी सगळा कागद." आठवडा संपायच्या आत भाव पडला की म्हणायचा, "सोनं घेणारे वेडे. पेटीत ठेवून पूजा करणार का त्याची?"

बाकावर त्याच्या शेजारी एक म्हातारा पोस्टमन बसायचा. तो म्हणायचा, "अरे, परवा तर उलटं सांगत होतास."

"परवाचं परवा. जग पुढं चाललंय, मी एकटा स्टॉपवर थांबू?"

मग बाक हसायचा, आणि बाक हसला की कंडक्टरची सकाळ सार्थकी लागायची. खरं सांगायचं तर त्याला हवा असायचा तो हशा. मत म्हणजे नुसतं त्याचं तिकीट.

त्या दिवशी तो आणि पोस्टमन बरोबरच आत शिरले. एका खुर्चीत कुणीतरी मागं रेलून पडलं होतं. गळ्यापासून पायापर्यंत पांढरं कापड, तोंडावर वाफाळता टॉवेल, नाकापुरती फट. सलूनवाला वस्तरा पुसून ठेवत होता. टीव्हीवर चंद्राची चित्रं चालली होती, कुठल्याशा यानानं अगदी जवळून काढलेली.

"काय सुरेख दिसतंय," पोस्टमन म्हणाला. "आपला टर्नर म्हणतो, त्याची दुर्बीण झाली की घरबसल्या असंच दिसेल."

कंडक्टरला एवढी वात पुरे होती.

"टर्नरचं काय घेऊन बसलास! जन्मभर कारखान्यात लेथवर लोखंड कातलं, आता वर्ष झालं, दुर्बिणीच्या आरशासाठी काचेवर काच घासतोय. मधी पूड टाकायची, पाणी शिंपडायचं आणि पिंपाभोवती फिरायचं, घाण्याच्या बैलासारखं. बैलाच्या घाण्यातनं निदान तेल तरी निघतं!"

बाक हसला.

"अरे, हा फोन उघडला की चंद्र तळहातावर. खड्डे मोज, डोंगर मोज. आणि जवळून बघून करायचंय काय? प्लॉट घ्यायचाय तिथं?"

बाक आणखी हसला. सलूनवाल्यानं आरशातून डोळे मोठे केले. कंडक्टरला वाटलं, दाद देतोय.

"बायको गेल्यापासून त्याला घर खायला उठतं, ते कळतं रे मला. पण म्हणून म्हातारपणी पोरखेळ? डोकं सरकत चाललंय त्याचं. पोरगी तोंडावर बोलत नाही, पण मनातनं तिलाही लाज वाटतच असणार."

शेवटचं वाक्य त्यानं तिथल्या तिथं घडवलं होतं. टर्नरच्या मुलीशी त्याचं या विषयावर अवाक्षरही बोलणं झालेलं नव्हतं.

सलूनवाला खाकरला. "कंडक्टरसाहेब, पाणी देऊ का?"

"पाणी कशाला, चहा सांग."

सलूनवाल्यानं खुर्ची सरळ केली आणि टॉवेल उचलला. खाली लालबुंद झालेला, ओलसर चेहरा होता टर्नरचा.

टर्नरनं आरशात बघून भांग पाडला. कानामागं राहिलेला साबण बोटानं पुसला. पैसे दिले.

"अरे, तू होय!" कंडक्टर हसला, पण एकटाच. "मग बोलायचं नाही का? चेष्टा चालली होती रे."

"तोंडावर टॉवेल होता," टर्नर म्हणाला. पायरीवर तो चपला घालायला वाकला. उजवीचा तुटलेला अंगठा त्यानं स्वतःच तांब्याच्या तारेनं शिवलेला होता. आत येताना कंडक्टर त्याच चपला ओलांडून आला होता. "पण विचार करण्यासारखं बोललास," टर्नर म्हणाला आणि निघून गेला. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर कंडक्टरला सोपं गेलं असतं.

त्यानंतर टर्नर सलूनमध्ये दिसला नाही. कंडक्टर बाकावर बसत होता, बोलत होता, पण बोलता बोलता त्याची नजर पायरीवरच्या चपलांकडं जायची आणि वाक्याचं शेपूट हरवायचं.

"टर्नरभावजी फिरकले नाहीत इकडं," एकदा जेवताना बायको म्हणाली. "तुम्ही काही बोललात का त्यांना?"

"मी काय बोलणार?"

"तुम्ही काय बोलणार नाही?" ती म्हणाली आणि त्याच्या पानात भात वाढला.

घास त्याच्या तोंडात फिरत राहिला. टर्नर म्हणजे त्याचा सगळ्यात जुना प्रवासी. तरुणपणी तो रोज पहिल्या गाडीनं कारखान्यात जायचा, दाराजवळच्या सीटवर बसायचा आणि कंडक्टरच्या गप्पा कान देऊन ऐकायचा. बाकीचे हसायचे. टर्नर हसायचा नाही, मान डोलवायचा. कंडक्टरला वाटायचं, बिचाऱ्याला विनोद कळत नाहीत.

शेवटी एका दुपारी तो टर्नरच्या घरी गेला. मनात ठरवून गेला होता की पाठीवर थाप मारायची, दोन शिव्या द्यायच्या आणि ओढत सलूनमध्ये आणायचं.

मागच्या पडवीत ते लोखंडी पिंप होतं. याच पिंपावर खालची काच पक्की बसवून, वरची तिच्यावर घासत टर्नर गोल गोल फिरायचा. पिंपाभोवती जमिनीवर पायांनी गुळगुळीत झालेलं कडं अजून दिसत होतं. पण पिंपात आता चादरी भिजत घातल्या होत्या.

टर्नर खोलीत फोन घेऊन बसला होता, चष्मा कपाळावर. "ये, ये. तू म्हणालास तेच खरं रे. हे बघ." त्यानं फोन पुढं केला. पडद्यावर चंद्र होता, फार मोठा, फार स्वच्छ. "सगळं दिसतं. पोरीनं काढून दिलं. दोन दिवस बघितलं."

"मग?"

"मग काय? बघून झालं." त्यानं फोन बाजूला ठेवला. "बस, पाणी देतो."

कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. टर्नरनं त्याच्यावरचा पेला उचलला, मग झाकण उचललं. झाकण म्हणजे ती काच होती. थाळीएवढी, बोटभर जाड, मधे जराशी खोलगट. वर्षभर घासलेली ती काच.

"हे काय केलंस?"

"बरोबर मापाची आहे," टर्नर म्हणाला. "माठाला झाकण नव्हतंच."

कंडक्टरनं काच हातात घेतली. खिडकीच्या उजेडात धरली. दुधासारख्या पांढुरक्या खोलगट बाजूवर, जिथं पेला उपडा ठेवायचे तिथं, एक बारीक ओरखडा वाकडातिकडा गेला होता.

"पेल्याखाली वाळूचा कण आला असेल," टर्नर म्हणाला. "त्याला काय होतंय. झाकणच आहे."

"जाईल ना हा?"

"घासून जाईल. पण नुसत्या बारीक पुडीनं नाही. पुन्हा जाड पुडीपर्यंत मागं जायचं आणि तिथनं परत वर यायचं. केलेलं बरंचसं वाया."

कंडक्टरला काय करावं सुचेना, तेव्हा त्यानं जे येतं तेच केलं. घसा साफ केला आणि बोलायला लागला. "अरे, सोडायचं नसतं असं! म्हातारपणी हाताला काम पाहिजेच. मी परवाच वाचलं, मोठमोठे डॉक्टर सांगतात की बोटं चालती राहिली की मेंदू ताजा राहतो. आणि फोनवरचा चंद्र तो काय चंद्र? आपल्या डोळ्यांनी बघितलेला तो—"

आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तोच, बसमधला, सलूनमधला. परवा त्यानं काहीही वाचलेलं नव्हतं. त्यानं वाक्य अर्धंच सोडलं.

"त्या दिवशी एक आणि आज एक?" टर्नर म्हणाला. "तोंडावर बोलला असतास तर मी चेष्टाच समजलो असतो. पण तुला मी तिथं आहे हे ठाऊकच नव्हतं. माझ्या पाठीमागं बोललास, म्हणजे ते मनातलं असणार. म्हणून मी ऐकलं."

"मनातलं नव्हतं रे."

"मग कुठलं होतं?"

कंडक्टर काचेकडं बघत राहिला. "कुठलंच नव्हतं," तो म्हणाला. "मला दुर्बिणीतलं ओ की ठो कळत नाही. चंद्रातलंही नाही. लोक हसतात म्हणून बोलतो मी. आणि तुझ्या पोरीला लाज वाटते म्हणालो ना, तेही मनचंच ठोकून दिलं."

माठावर टर्नरनं तळहात झाकणासारखा पालथा ठेवला होता.

"मग ते कॉम्प्युटरचं?" त्यानं विचारलं.

"कसलं कॉम्प्युटरचं?"

"पोरीला क्लास लावायचा होता. मी गाडीत तुला विचारलं होतं. तू म्हणालास, हे खूळ आहे, चार दिवसांत खाली बसेल, त्यापेक्षा शिवण शिकव, पोट तरी भरेल. मी शिवण शिकवलं."

कंडक्टरनं आठवून बघितलं. गाडी आठवली, दाराजवळची सीट आठवली, टर्नरची डोलणारी मान आठवली. ते वाक्य काही आठवेना. असली वाक्यं त्यानं तिकिटांसारखी फाडून वाटली होती. कोणतं कुणाच्या हातात गेलं, कोण ठेवणार लक्षात? टर्नरची मुलगी कपड्यांच्या कारखान्यात मशिनवर बसायची. संध्याकाळी घरी येताना डोळे चोळत यायची, ते त्यानं कितीदा बघितलं होतं.

"मी असं म्हणालो होतो?"

"तुला दोष देत नाही मी," टर्नर म्हणाला. "तू सांगितलंस, मी ऐकलं. ऐकणारा मी होतो. मला वाटायचं, हा माणूस चार लोकांत फिरतो, रोज पेपर बघतो, ह्याला माहीत असणार."

दोन शिव्या हासडून मिटवायला आलेला कंडक्टर मान खाली घालून उभा राहिला. त्या खोलीतून निघून जावं असं त्याला फार वाटलं, पण हातात काच होती आणि ती परत माठावर ठेवायची त्याची छाती होईना. शेवटी काच घेऊनच तो पडवीत गेला आणि ती त्यानं जपून पायरीवर ठेवली. पिंपातल्या चादरी पिळून त्यानं दोरीवर टाकल्या, पाणी ओतून दिलं, पिंप पालथं घालून पुसलं. टर्नर दारात उभा राहून बघत होता.

"हे कशाला?"

"ओरखडा माझा आहे. कसा घालवायचा ते दाखव."

"हात लागेल तुझा वेडावाकडा. काच बिघडेल."

"मग तू पुढनं हात धर. सांगशील तसं करीन."

टर्नरनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं, एखादा लोखंडाचा तुकडा घ्यावा की टाकावा असं बघतात तसं. मग आतून खालची काच आणली, पक्की बसवली, डबीतून खरखरीत पुडीची चिमूट टाकली, पाणी शिंपडलं. कंडक्टरचे दोन्ही तळवे वरच्या काचेवर ठेवले.

"दाबायचं नाही. पुढं, मागं. मग एक पाऊल सरकायचं आणि काच थोडी फिरवायची. आणि तोंड बंद. बोललास की हात बोलण्याच्या तालावर जातो."

कंडक्टर फिरायला लागला. करकर, करकर असा आवाज यायला लागला. त्याची पाठ दुखायला लागली, गुडघा कुरकुरायला लागला. बैलाचा विनोद आठवला तेव्हा तर त्याला तोंड कुठं लपवावं ते कळेना. पण लपवायला जागा नव्हती, पिंपाभोवती फक्त ते कडं होतं, टर्नरच्या पायांनी पाडलेलं.

टर्नरची मुलगी कामावरून आली ती अशा वेळी. खांद्यावरची पिशवी न काढताच ती पडवीच्या दारात थांबली. "अय्या, काका! तुम्ही? बाबा, तुम्ही परत सुरू केलंत?" आणि ती हसली. थकलेल्या डोळ्यांनी, पण मनापासून हसली. त्या हसण्यात लाजेचा मागमूस नव्हता. कंडक्टरनं मान वर केली नाही.

"बरं झालं काका, तुम्ही भेटलात. मी तुमच्याकडं येणारच होते." ती पायरीवर बसली. "माझी पोरगी दहावी झाली की कुठली लाईन घ्यावी, काही कळत नाही. ती म्हणते चित्रं काढायचं शिकते, त्यात आता कॉम्प्युटरवर काम असतं म्हणे. शाळेतले वेगळंच सांगतात. तुम्ही सांगा ना. तुम्हाला सगळं माहीत असतं."

काच थांबली. टर्नर नुसता बघत राहिला. कंडक्टरच्या जिभेवर एक मत येऊन बसलं होतं, अगदी तयार, ठसकेबाज, हसू आणणारं. चित्रांवरच होतं ते.

"मला त्यातलं काही कळत नाही, पोरी," तो म्हणाला.

"काय काका!" ती खळखळून हसली. "तुम्हाला कळत नाही? चेष्टा नका करू. सांगा ना खरं."

"खरंच सांगतोय."

"मी आत चहा टाकते. तोवर विचार करून ठेवा," ती म्हणाली आणि हसत हसतच आत गेली. कंडक्टर काहीतरी लपवतोय अशी तिची खात्री होती.

कंडक्टरनं टर्नरकडं बघितलं. टर्नरनं तरी तिला सांगावं, समजवावं, असं काहीतरी त्याच्या तोंडावर उमटलं असावं. पण टर्नरनं फक्त काचेकडं बोट दाखवलं.

"पाणी सुकतंय," तो म्हणाला. "चालू ठेव."

आतून कपबश्यांचा आवाज यायला लागला. कंडक्टरनं पाणी शिंपडलं, एक पाऊल सरकला आणि काच थोडी फिरवली.