मोटारसायकलचा होकार

संध्याकाळचे सव्वासहा वाजले की त्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नसे. पुढे म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या, मागे उभ्यांची दाटी, कठड्यांवर मुलं, आणि सगळ्यांच्या नजरा चुकाकाकांच्या घराला टेकून उभ्या असलेल्या पत्र्याच्या शेडकडे. शेडमध्ये एक जुनी निळी मोटारसायकल होती.

"कोणी खोकू नका," पांढऱ्या कपड्यातला सेवेकरी बजावायचा. "पलीकडची रेंज फार नाजूक असते."

मग संपर्कमहाराज यायचे. सीटवर हात ठेवून, डोळे मिटून विचारायचे, "ताई, आलात का?"

सेवेकरी किल्ली फिरवायचा, हॉर्नचं बटण दाबायचा, आणि नऊ महिन्यांपूर्वी वारलेली नर्सबाई उत्तर द्यायची.

"पीं..."

आवाज बारीक, घसा बसल्यासारखा. गर्दीच्या अंगावर काटा यायचा. सेवेकऱ्याने लगेच पुन्हा बटण दाबलं, तर काहीच नाही. "एकदा हो म्हटलं, पुरे," महाराज म्हणायचे. "आत्मा काय आपल्यासारखा बडबड्या असतो?"

चुकाकाका पहिल्या खुर्चीवर बसलेले असत. छापखान्यात चौतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली होती. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात आयुष्य गेलं म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं आणि त्यांनी ते विनातक्रार चालवून घेतलं होतं. मोटारसायकल त्यांच्या बायकोची. बावीस वर्षं नर्सबाईंनी तिच्यावरून फिरून घरोघरच्या जखमा धुतल्या, इंजेक्शनं दिली, बाळंतिणी तपासल्या. काकांना गाडी चालवता येत नसे. कुठे जायचं झालंच तर ते मागे बसत, मांडीवर पिशवी घेऊन. संध्याकाळी साडेसहाला गल्लीच्या वळणावर दोनदा हॉर्न वाजायचा. तो ऐकला की काका हातातलं काम टाकून चहाचं आधण ठेवायचे.

ती गेल्यावर आधण ठेवायला काही कारण उरलं नाही. फळीवर दोन कप होते, त्यातला एक पालथाच राहिला. साडेसहा मात्र रोज वाजायचे. एका संध्याकाळी ती शांतता अगदी खायला उठली तेव्हा काका शेडमध्ये गेले, किल्ली फिरवली आणि बटण दाबलं. वाजेल असं त्यांना मुळीच वाटलं नव्हतं. पण वाजलं, एकदाच. पुन्हा दाबलं तर गप्प. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा एकदाच वाजलं.

एरवी स्वल्पविराम चुकला तरी ज्याची झोप उडायची, त्या माणसाने हे तपासलं नाही. जी चूक आपल्याला हवीहवीशी असते, तिच्यावर लाल पेन्सिल कोण चालवतो? त्यांनी फक्त समोरच्या काकूंना सांगितलं. काकूंना सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच. आठवड्याभरात गल्लीत माणसं मावेनात, आणि माणसं जमली तिथे महाराजही आले.

"आत्मा म्हणजे करंट," ते समजावून सांगत. "शरीर म्हणजे वायरिंग. वायरिंग जळलं म्हणून करंट मरतो का? तो आपलं अर्थिंग शोधत फिरतो. ताईंना ते इथे सापडलंय." यावर गल्लीतला वायरमनसुद्धा मान डोलवायचा.

महाराजांनी नियम घालून दिले. बॅटरीला सेवेकऱ्याखेरीज कोणी हात लावायचा नाही. दर सोमवारी बॅटरी 'विश्रांती'साठी मठात जाईल. हॉर्न वाजला तर हो, नाही वाजला तर नाही. काही प्रश्नांआधी सगळ्यांनी पाव तास मौन पाळायचं. काही प्रश्नांआधी मौन नाही. तेव्हा मोटारसायकलचा पुढचा दिवा दोन मिनिटं लावायचा आणि सगळ्यांनी त्याचं दर्शन घ्यायचं. कोणत्या वेळी काय, ते महाराजांनाच कळायचं. त्यांना आतून सूचना येत असे.

गल्लीतल्या भाबड्या प्रश्नांनी कोणाचं फारसं बिघडत नव्हतं. बिघडलं ते एका शुक्रवारी. काकांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या गावात नोकरीला होती. तिने फोनवर म्हटलं होतं, "बाबा, ती बॅटरी बदला आणि त्या माणसाला हाकला. मी रविवारी येते." काकूंनी ते ऐकलं, म्हणजे महाराजांनीही ऐकलं. त्या संध्याकाळी दिवा लागला, दर्शन झालं, आणि महाराजांनी हळव्या आवाजात विचारलं, "ताई, तुमच्या लेकीनं या घरात पाऊल टाकावं का?"

हॉर्न गप्प.

मग पाव तास मौन. "ताई, घराची पुढची खोली संपर्ककेंद्राला द्यावी, अशी तुमची इच्छा आहे का?"

"पीं..."

"गुरुवारी कागद करून टाकू," महाराज काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले.

काकांनी मुलीला निरोप पाठवला: या रविवारी येऊ नकोस. आईची इच्छा नाही. मुलीने उत्तर दिलं नाही. रोज आठ वाजता वाजणारा फोन शनिवारी वाजला नाही. रविवारीही नाही. काका फोन शेजारी ठेवून बसले. मधेच उचलून तो चालू आहे ना, हे पाहत. तो चालू होता.

'आईची इच्छा नाही.' या तीन शब्दांत अक्षराचीही चूक नव्हती, तरी काकांना ते वाक्य खुपत राहिलं. कारण दवाखान्यातल्या खाटेवर बायको शेवटचं जे नीट बोलली होती, ते होतं, "पोरीला एकटं पाडू नका हं." ज्या बाईने जाताना हे सांगितलं ती नऊ महिन्यांत उलटं कसं सांगेल?

सोमवारी संध्याकाळी बॅटरी मठातून परत आली. सेवेकरी ती बसवत असताना काकांनी त्याला टॉर्च धरला. उजेड बॅटरीच्या कुशीवर पडला. तिथे खडूने काहीतरी लिहून मग घाईने पुसलेलं होतं. दुसऱ्या कोणाला तो नुसता डाग दिसला असता. काकांनी चौतीस वर्षं पुसट छपाई वाचली होती. ४१, आणि त्याखाली: २ तास.

मठात बॅटऱ्यांना नंबर कशाला घालतील?

मंगळवारी सकाळी ते स्टँडमागच्या बॅटरी चार्जिंगच्या दुकानात गेले. लांब फळीवर बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीला दोन वायरी, प्रत्येकीच्या कुशीवर खडूचा नंबर. ॲसिडचा उग्र वास नाकात जात होता. रबरी हातमोजे घातलेली बाई मान वर न करता म्हणाली, "संध्याकाळी मिळेल. आज रांग आहे."

"एकेचाळीस नंबर कोणाचा?"

"तो कालच गेला की. तुम्ही त्यांच्यातले का? मग सांगा त्या पांढऱ्या कपडेवाल्याला, असे चाळे करू नको म्हणावं. दर सोमवारी आणतो, म्हणतो, दोनच तास लाव. मी म्हटलं, बाबा रे, ही पार निजलेली बॅटरी आहे, हिला मंद करंटवर दहा-बारा तास पाहिजेत. तर म्हणतो, पोटभर नको. जेमतेम तगेल एवढीच." तिने आता मान वर केली. "कुठल्या गाडीची आहे हो ती?"

काका म्हणाले, "माझ्या बायकोच्या. निळी मोटारसायकल. नर्स होती ती."

बाईने हातमोजे काढले. तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना, गुळगुळीत व्रण होता. "ॲसिड उडालं होतं," ती म्हणाली. "पंधरा दिवस रोज येऊन ड्रेसिंग केलं त्यांनी. चहा घेतला तर बिनसाखरेचा. बसा काका."

काका बसले आणि खिशातून एक वही काढली. सवयीने त्यांनी रोजचे प्रश्न टिपले होते. आधी काय झालं, मग उत्तर काय आलं, सगळं तारखेनिशी. बाई बोट ठेवून वाचत गेली. मौन, हो. दिवा, नाही. मौन, हो. दिवा, नाही. चार पानांत एकही अपवाद नव्हता. ती हसायला लागली, आणि काकांचा चेहरा पाहून थांबली.

"गुरुवारी मीटर घेऊन येते मी," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगते."

"या. पण आधी मला तिला एक प्रश्न विचारायचाय."

मधल्या बुधवारी काका गर्दीत गेले नाहीत. स्वयंपाकघरात बसून राहिले. बाहेर हॉर्न वाजला तेव्हा मात्र त्यांचा हात आपसूक गॅसकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला.

गुरुवारी महाराजांसमोर स्टुलावर कागद आणि पेन तयार होतं. काका उठून म्हणाले, "सही करतो. पण आज पहिला प्रश्न माझा. आधी पाव तास मौन पाळू या."

"अवश्य!" महाराज खूश झाले. नवऱ्याने आपणहून मौन मागावं, याहून शुभ ते काय? गल्ली पाव तास गप्प बसली. मग काका मोटारसायकलजवळ गेले. त्यांनी सीटवर हात ठेवला.

"तुला चहात दोन चमचे साखर लागायची ना गं?"

महाराज काही बोलायच्या आत सेवेकऱ्याने बटण दाबलं होतं. "पीं..."

गर्दीत चुळबुळ झाली. या गल्लीत नर्सबाईंनी चहा घेतला नाही असं घर नव्हतं, आणि साखर घातली म्हणून ज्याला बोलणी बसली नाहीत असंही घर नव्हतं.

"अगंबाई," समोरच्या काकू म्हणाल्या. "वहिनी तर साखरेचा डबा पाहूनच तोंड वाकडं करायच्या."

महाराज सावरून म्हणाले, "पलीकडे गेल्यावर आवडीनिवडी बदलतात, माउली."

"बदलत असतील," काका म्हणाले. "आता दुसरा प्रश्न. आधी दिव्याचं दर्शन घेऊ." त्यांनी स्वतःच दिवा लावला. दोन मिनिटांत तो पिवळा झाला, मग तांबूस झाला. "तू नर्स होतीस का?"

त्यांनी स्वतःच बटण दाबलं. हॉर्न गप्प. पुन्हा दाबलं. गप्प.

"भाऊजी," काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "साखर बदलली ते समजलं. पण आपण नर्स होतो, हेही विसरल्या की काय त्या?"

कोणीतरी फस्सकन हसलं. ते हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं. तेवढ्यात चार्जिंगवाली पुढे आली आणि सेवेकऱ्याला म्हणाली, "काय दादा, ओळखलंत का? एकेचाळीस नंबर. मठ कधीपासून स्टँडमागे आला?" सेवेकरी चपला शोधायला लागला.

तिने मीटर लावला आणि आकडा सगळ्यांना दाखवला. "यात पलीकडचं काही नाही. ओला कपडा पिळून पिळून कोरडा केला आणि थोडा वेळ तसाच ठेवला, की परत पिळल्यावर दोन थेंब निघतात ना? दमलेली बॅटरी तशीच. विश्रांती मिळाली की एका हॉर्नपुरता जीव गोळा करते. तुम्ही गप्प बसलात, तो विश्रांतीचा वेळ. दिवा लावलात, की ते दोन थेंबही संपले. हो पाहिजे तर मौन, नाही पाहिजे तर दिवा. आणि अगदीच मान टाकू नये म्हणून सोमवारी माझ्याकडे दोन तास. पूर्ण भरली असती तर हॉर्न प्रत्येक प्रश्नाला वाजला असता. मग यांचं नाही कुठून आलं असतं?"

वायरमन खाली बघत होता. महाराज 'नास्तिकांच्या लहरी' असं काहीसं पुटपुटत निघाले. कागद स्टुलावरच राहिला. काकांनी तो उचलला, दोन चुका दिसल्या त्या सवयीने दुरुस्त केल्या, आणि मग फाडला.

गर्दी गेली. हसून, हळहळून, आपल्याला आधीच संशय होता असं एकमेकांना सांगून गेली. शेडमध्ये दोघंच उरली.

"ही घेऊन जाते," बाई बॅटरी सोडवत म्हणाली. "पाणी घालून, रात्रभर मंद चार्ज करते. पण जुनी झालीय, फार दिवस धरणार नाही. नवी बसवली तरी लक्षात ठेवा, गाडी उभी ठेवलीत की बॅटरी मरते. आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवायची. नाहीच जमलं तर ही काळी वायर काढून ठेवायची." मग म्हणाली, "काका, वाईट वाटलं का?"

"रोज एकदा हाक ऐकू यायची," काका म्हणाले. "हाक नव्हती ती. माहीत आहे मला."

रात्री त्यांनी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. "बाबा?"

"चूक झाली. रविवारी ये."

रविवारी ती आली. नवी बॅटरी बसवली, चार-सहा किका मारल्या आणि गाडी सुरू करून एक फेरी मारायला गेली. काका स्वयंपाकघरात उभे होते. वळणावर हॉर्न वाजला. दोनदा, खणखणीत. हा लेकीचा हॉर्न आहे, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. तरी डोळे भरले. त्यांनी पालथा कप सुलटा केला आणि आधण ठेवलं.

संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. काका शेडमध्ये गेले, दाखवलं होतं तशी काळी वायर सोडवली आणि किल्ली खिळ्याला अडकवली. साडेसहा वाजले. काही वाजलं नाही. आठ वाजता फोन वाजणार होता.

गेलेल्या माणसाला काही विचारावंसं वाटलं, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तुमच्या वतीने उत्तर ऐकणारा कोणी दारात आला, तर एवढं करा. ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं माहीत आहे, असा एक साधा प्रश्न आधी विचारा. चहातल्या साखरेएवढा साधा प्रश्नही पुरतो.