रामाच्या पायाशी ठेवलेली कॅप

मित्रांनो, मी दातावर बसणारी एक जुनी कॅप आहे. वय एकोणीस वर्षं. दत्तोबांच्या तोंडात, वरच्या ओळीत, अगदी समोर माझं आसन आहे.

दत्तोबा तेव्हा सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत नोकरी करत आणि सुट्टीच्या दिवशी कीर्तन. एकदा शबरीचं आख्यान असं रंगलं की हातातली चिपळी उसळून त्यांच्याच दातावर आपटली. दाताचा तुकडा पडला. आख्यान मात्र त्यांनी पुरं केलं, तोंडावर उपरणं धरून.

हैदराबादच्या कोठी भागात दातांच्या कॅपा बनवणारे मोईनभाई होते; तिथल्या एका खोलीत त्यांनी मला घडवलं. आत धातू, वर चिनीमातीसारखा थर, मग भट्टी. भट्टीचा तो ताप अजून आठवतो. मला पांढरीशुभ्र करायची नाही, असा त्यांचा हट्ट होता. दत्तोबांचे बाकीचे दात चहाच्या रंगाचे. मोईनभाई म्हणाले, "दाँत ऐसा होना, बाजूवाले दाँत को भी नको मालूम होना." म्हणून मी जरा पिवळसर झाले, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

काय दिवस होते ते! सुलतान बाजारमागच्या देवळात रामनवरात्राची कीर्तनं व्हायची. बायका दुपारची खरेदी आटोपून पिशव्यांसकट येऊन बसायच्या. पूर्वरंग संपला की दत्तोबांच्या गळ्यात हार पडे, कपाळी बुक्का लागे, आणि सारे एका सुरात नामाचा गजर करत. तो गजर माझ्या अंगावरून जायचा, मित्रांनो. एवढंसं माझं अंग, पण शहारून जाई. दात रोज घासले जात. माझी वेगळी विचारपूस कोणी करत नसे. घरच्या सुनेसारखी मी त्यांच्यातली होऊन गेले होते.

आता श्रोते कमी झालेत. समोरच्या तरुण मुलांना मराठी वाचताना अडखळायला होतं, पण टाळी चुकत नाही. दत्तोबा म्हणतात, तेवढ्यावर राम राजी आहे.

यंदा अष्टमीच्या संध्याकाळी घात झाला. उपासाची राजगिऱ्याची चिक्की दत्तोबांनी पुढच्या दातांनी तोडली आणि चिक्कीबरोबर मीही निघून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला रामजन्माचं कीर्तन. बत्तीस वर्षांत ते एकदाही चुकलेलं नाही. दत्तोबांनी आरशासमोर दोन ओळी म्हणून पाहिल्या. शब्दांआधी वाराच बाहेर पडला.

त्यांनी पेटीची पट्टी चिकटवायचा डिंक हातात घेतला. सून ज्योतीने तो काढून घेतला. "मामंजी, पेटी वेगळी, तोंड वेगळं," ती म्हणाली आणि तिने त्रिवेणी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सकाळी नऊला बोलावलं. कॅप धुऊन झाकणाच्या डबीत ठेवा, घरचं काही लावू नका, त्या दाताने चावू नका, असं बजावलं.

ज्योती डबी शोधू लागली. दत्तोबा हसले. "रामापेक्षा मोठी डबी कोणती गं?" त्यांनी मला धुतलं, तुळशीच्या पानावर ठेवलं आणि देवघरात रामाच्या पायाशी नेऊन ठेवलं. देवाजवळ ठेवलेलं हरवत नाही, ही त्यांची श्रद्धा. मीही निर्धास्त झाले.

पण सकाळी रामनवमीची घाई. ज्योतीने नेहमीप्रमाणे कालची फुलं, कालची तुळस गोळा केली आणि इमारतीच्या मागच्या निर्माल्याच्या पिंपात टाकली. त्यात मीही गेले.

साडेआठला दत्तोबा देवघरात आले, तर राम नव्या फुलांत आणि पायाशी मी नाही. ज्योतीचा चेहरा उतरला. दत्तोबा खाली बसले आणि म्हणाले, "रामाने ठेव घेतली म्हणायची. देवळात कळव, यंदा पल्लवी उभी राहील." पल्लवी त्यांची शिष्या. गाते गोड, पण रामजन्माचं आख्यान तिने अजून कधी लावलं नव्हतं.

ज्योतीने फोन केला नाही. ती खाली गेली आणि वर्तमानपत्रांवर पिंप उपडं केलं. वॉचमनची बायको विचारू लागली, "क्या ढूँढ रे जी?"

"मामंजी का दाँत."

ती बाई हसली नाही. पदर खोचून शेजारी बसली. एकेक झेंडू उलटला, पाकळ्या चाळल्या. सगळ्या इमारतीचे देव त्या कागदावर एकत्र आले होते. तेवढ्यात दत्तोबा जिना उतरून आले. कागदावर वाकून म्हणाले, "फुलं सोड, तुळस बघ. मी पानावर ठेवली होती."

ओल्या पानाला चिकटून मी तिथेच होते. ज्योतीने मला पदरात घेतलं आणि तिचे डोळे भरून आले.

क्लिनिक जवळच. डॉक्टरांनी आतला दात तपासला, मला नीट स्वच्छ केलं, जुना मसाला काढून नवा लावला आणि बसवलं. तासभर काही खाऊ नका, म्हणाल्या. दत्तोबा म्हणाले, "रामजन्माआधी मी पाणीसुद्धा घेत नाही, डॉक्टर."

बाराला पाळणा हलला. फुलं उधळली गेली. नामाचा गजर पुन्हा माझ्या अंगावरून गेला. पुढच्या रांगेत ज्योती बसली होती. तिच्या नखांत अजून झेंडूचा पिवळा रंग होता.

मित्रांनो, माझ्यासारखी कोणी निसटली तर टाकून देऊ नका, घरी चिकटवूही नका. धुवा, झाकणाच्या डबीत ठेवा, लवकर डॉक्टरांकडे न्या. देवावर भार जरूर टाका, पण झाकण आपल्या हाताने लावा.

आमच्या देवघरात आता रामाशेजारी एक छोटी स्टीलची डबी असते. ज्योती रोज ती पुसते, उघडून बघते आणि परत ठेवते. ती रिकामीच राहो, एवढंच माझं रामापाशी मागणं.