रिकाम्या कबरीवरची फरशी

सरकार, माणूस नेताना तुम्ही त्याची छाती मोजली, दात तपासले, बापाचं नाव विचारलं. माघारी काय दिलं? एक दगड. त्यावर नाव कुणाचंच नाही.

कुसगावचा महिपती इंग्रजांच्या पलटणीतनं दर्यापार बसऱ्याकडं लढाईला गेला आणि 'बेपत्ता' झाला. लढाई संपली, पलटणी परतल्या. त्याची आई बयाबाई कचेरीत जाऊन एकच विचारायची, "त्याचं ताट वाढू का त्याला पितरात घालू?" मेला म्हणून कोणी सांगेना, जिता आहे असंही म्हणेना.

मग लोणावळ्याला गोऱ्यांच्या कब्रस्तानात, कोपऱ्यात, ओळख न पटलेल्या शिपायांसाठी तो दगड उभा राहिला. पुढं कबरीसारखा मातीचा उंचवटा. तिथल्या साहेबानं सांगितलं, खाली कोणी नाही, नुसती आठवण आहे.

"आमच्यात जाळत्यात, पुरत न्हाईत," म्हणून बयाबाईनं तिकडं पाठ फिरवली.

पावसाळा सरला आणि कबरी खणणारा, ठाकरवाडीचा बुधा तिच्या दारी आला. तोंड उतरलेलं.

"मावशी, खाली माणूस असंल तितंच माती खचती. त्यो उंचवटा म्या निसत्या मातीचा रचला व्हता. त्यो खचलाय."

"पाऊस लय झाला, बाबा."

"पावसानं माती वाहून जाती. माणसाच्या अंगागत खचत न्हाई. यिऊन बघ."

ती गेली. खळगा निजलेल्या माणसाच्या आकाराचा. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, एक हात उशाला. महिपती पाळण्यातनं उतरल्यापासून असाच निजायचा. "पलटणीत तरी पाय पसर, लोक हसतील," असं तिनंच त्याला निघताना बजावलं होतं.

साहेबानं खळगा बुजवला. काही दिवसांत पुन्हा तोच खळगा. पुन्हा बुजवला. तिसऱ्यांदा खचला तेव्हा त्या आकारातला उशाखालचा हात निघाला होता. तो दगडाकडं लांबला होता, नाव कोरायचं राहिलं त्या जागेकडं.

तेव्हा साहेबानं फरशी मागवली. मजुरांनी ती पहारींनी रेटत आणली, तर खळग्यावर गोधडी पांघरलेली आणि उशाशी बयाबाई. मजुरांनी पहारी खाली ठेवल्या. बुधा तर फाटकाच्या आत यायलाच तयार नव्हता.

मुकादम म्हणाला, "ऊठ, म्हातारे. खाली कुणी न्हाई."

बयाबाईनं गोधडीची कड नीट खोचली.

"कुणी न्हाई? मग येवढी जड फरशी कुणाला दाबाया आणली? जा, इचार तुज्या सायबाला. नाव घिऊन ये, मंग उठते."