हॉर्नचा फ्यूज आणि जाड तार

श्रावण तायडे यांनी दर्यापुरात वीज कंपनीची लाइनमनकी अठ्ठावीस वर्षं केली, आणि त्यातली निम्मी, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, ऑफिसचं फाटक उघडण्यात गेली. साहेबाच्या गाडीचा हॉर्न वाजला की हातातला चहा ठेवून पळायचं. आता त्याच ऑफिसात त्यांची पोरगी दीपमाला कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू होणार होती. म्हणजे साक्षात साहेब! तायडेंनी ठरवूनच टाकलं होतं, पोरीला अकोल्याहून आपल्या गाडीनं न्यायचं, फाटकापुढं थांबायचं आणि हॉर्न असा दाबायचा, की पंजाबरावाचा चहा सांडला पाहिजे. पंजाबराव म्हणजे त्यांचा जुना जोडीदार, अजून नोकरीतच होता.

आणि नेमका रुजू व्हायच्या सकाळीच, जठारपेठेतल्या घरासमोर, हॉर्न मुका झाला.

"जाऊ द्या ना बाबा, हॉर्नबिगर चालते गाडी," दीपमाला म्हणाली.

"कशी चालते? ब्रेक नसला तं एक वेळ चालते!"

आमच्या रस्त्यांवर हे म्हणणं अगदीच खोटं नाही म्हणा.

दीपमालानं बॉनेट उघडलं, फ्यूजच्या डबीतून एक चिमुकला फ्यूज ओढून उजेडात धरला. आतली तार तुटलेली. डबीच्या झाकणात जास्तीचा एक होता, तो तिनं बसवला. तायडेंनी हॉर्न दाबला, की तोही टक्‌कन उडाला.

"कुठंतरी वायर बॉडीले चिकटली. उंदरानं कुरतडली असन. आधी ते पाहू," दीपमाला म्हणाली.

"तू चार वर्षं पुस्तकात फ्यूज पाहिला, मी हातानं टाकला. सरक बाजूले."

तायडे आत गेले, जुन्या मिक्सरची वायर सोलून तिची जाडजूड तांब्याची तार उडालेल्या फ्यूजच्या दोन्ही पायांना गुंडाळली, आणि दिला ठोकून. उभ्या नोकरीत त्यांनी हेच केलं होतं. पेरणीच्या दिवसांत डीपीपाशी, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, गाव खोळंबलेलं असताना कोण अँपिअर मोजत बसतो? जाड तार टाकली की पुन्हा चढायचं काम नाही! हेच तायडे कोणाच्या घरी फ्यूजमध्ये जाड तार दिसली, तर मात्र, "घर जाळतं का बे?" म्हणून चारचौघांत त्याची अब्रू काढायचे.

हॉर्न वाजला. जरा घोगरा, पण वाजला. तायडेंनी विजयी मुद्रेनं पोरीकडं पाहिलं आणि पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबला, तेव्हा बॉनेटखालून धूर निघाला.

"बाबा, सोडा!" दीपमालानं पाना घेऊन बॅटरीची वायर काढली, म्हणून गाडी वाचली. आतल्या वायरी मात्र वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. बायको इंदूबाई दारातून म्हणाली, "झालं समाधान?"

तायडे पायरीवर बसले. लाजेनं त्यांचे कान तापले होते. "तू जाय. मी नाई येत. काळीपिवळीतून उतरून पंजाबरावाले कोणतं तोंड दाखवू?"

"गाडी मले पायजे होती का तुमाले? उठा, मले उशीर होऊन राह्यला."

मग काय, काळीपिवळी जीप, चौघांच्या जागी सहाजण, आणि तायडेंच्या मांडीवर कोणाच्या तरी वांग्यांची टोपली. दर्यापुरात उतरून पाहतात, तर ऑफिसला फाटकच नाही. मागच्या साली ट्रकनं उडवलं, ते कोणी बसवलंच नव्हतं.

दुपारी नव्या म्याडमनी सगळ्या लाइनमनना बोलावलं. तायडेंनाही खुर्ची दिली. त्यांना वाटलं, आता ओळख होईल, एखादा सत्कारबित्कार होईल. त्यांनी हळूच कॉलर सारखी केली.

"डीपीच्या फ्यूजमध्ये जाड तार कोण कोण टाकते?" दीपमालानं विचारलं.

सगळे छताकडं पाहू लागले. पंजाबराव गोड हसला. "कोणीच नाई म्याडम. तसा नियमच हाये."

"मंग यंदा आपल्या हद्दीत चार ट्रान्सफॉर्मर जळाले, ते कशानं?"

कोणी बोलेना. तायडेंनी खुर्ची जरा मागं घेतली. आता ही सकाळचं सांगते! पण ती त्यांच्याकडं पाहतसुद्धा नव्हती. टेबलावर दोन्ही हात ठेवून नुसती थांबली होती.

ही गप्प बसण्याची कला त्यांना पाठ होती. अशीच त्यांनी आणि पंजाबरावानं मिळून कितीतरी साहेबांना बदली होईपर्यंत पार बाहुलं करून ठेवलं होतं. आज पहिल्याच दिवशी कोणी बोललं नाही, तर या पोरीचंही तेच होणार होतं.

तायडे उठले.

"मी टाकत होतो म्याडम," ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं. आज सकाळीबी टाकली, घरची गाडी जाळली."

पंजाबरावानं आधी त्यांच्याकडं खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं. मग इकडंतिकडं बघत त्यानं हात वर केला, आणि त्याच्यामागून बाकीच्यांनी.