नुसती बसून खाणारी ओळ

मी एक जुनी ओळ आहे, मित्रांनो. टाइपडेफची, म्हणजे लांबलचक वर्णनाला छोटे नाव देणारी. कपडे धुण्याच्या यंत्राला अक्कल देणारा सी भाषेतला एक प्रोग्रॅम आहे, त्यात अगदी वर माझे घर.

मला वहिनींनी लिहिले. त्या आणि त्यांचे धाकटे दीर मिळून यंत्रांचा छोटा कारखाना चालवतात. पाणी भरणे, घुसळणे, पिळणे, प्रत्येक कामाचे एक फंक्शन. ज्याची पाळी येईल त्याला हाक मारता यावी म्हणून सगळ्यांचे पत्ते, म्हणजे पॉइंटर, एका रांगेत बसवलेले. 'एक आकडा घेणाऱ्या आणि परत काही न देणाऱ्या फंक्शनचा पॉइंटर' हे दरवेळी लिहायचे म्हणजे कंस आणि चांदण्यांचा नुसता गुंता! वहिनींनी तो एकदाच माझ्यात लिहिला आणि त्याला 'काम' असे सुटसुटीत नाव दिले. दोन आकडे मागणारा कोणी रांगेत घुसू लागला, की माझ्या जिवावर कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा, लगेच ओरडायचा. काय सांगू, केवढा मान होता मला!

एक दिवस भाऊजी म्हणाले, "वहिनी, ही ओळ काही करतच नाही. नुसती बसून खाते!" वहिनी फोनवर होत्या. भाऊजींनी मला खोडले. लगेच कंपायलरने आकाशपाताळ एक केले, 'काम म्हणजे कोण?'

"हात्तिच्या!" म्हणत भाऊजी हाताने गुंता लिहायला बसले. शेवटी कंटाळून, कोण किती आकडे मागणार ते लिहायचा कंस रिकामाच ठेवला. मित्रांनो, आमच्या सी भाषेत रिकामा कंस म्हणजे 'या, बसा, काहीही मागा'. शिवाय पिळण्याच्या फंक्शनला त्यांनी वेगासोबत मिनिटेही मागायला शिकवले. हाक मारणारा मात्र वेगच द्यायचा. कंपायलर चूप. मी वहिनींच्या जुन्या प्रतीत रडत पडले होते. पुढचे सगळे नंतर कानावर आले.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले. त्यांनी यंत्रे घेतली नसती, तर कारखान्याला कुलूपच लागले असते. भाऊजींनी मोठ्या ऐटीत त्यांचाच कोट यंत्रात टाकला. पिळणे सुरू झाले ते थांबेचना! मिनिटे कोणी दिलीच नव्हती, म्हणून हाती लागला तो कुठलातरी कचरा आकडा यंत्राने मिनिटे समजून घेतला. यंत्र थडथडत दाराकडे निघाले. भाऊजी त्याला मिठी मारून मागे मागे.

"अहो, माझा कोट!"

वहिनींनी वायर उपटली. "भाऊजी, माझी ओळ कुठंय?"

"खोडली," भाऊजी पुटपुटले.

वहिनींनी मला परत आणले आणि रांगेला पुन्हा 'काम' म्हटले. कंपायलर नेमका पिळण्यावर बोट ठेवून ओरडला. इतके गोड ओरडणे मी कधी ऐकले नव्हते! भाऊजींनी मुकाट्याने मिनिटे काढून टाकली. यंत्र वेळेवर थांबले. कोट बाहेर आला, थोडा आखूड होऊन.

गिऱ्हाइकांनी तो घालून पाहिला, बाह्या ओढल्या आणि ते म्हणाले, "यंत्रं घेतो. पण ती ओळ आहे ना, तिच्यासकट."

मित्रांनो, काही न करता बसलेले कोणी दिसले, तर खोडण्याआधी जरा विचारा, बाबा रे, तू इथे कशाला बसला आहेस? भाऊजी आता विचारतात. मी समोर आले, की आधी हात पाठीमागे घेतात.