राहिलेला अंगठा

ठरावावर सगळ्या गावाच्या सह्या-अंगठे झाले होते. राहिला होता एकटा सुकलूभाऊ. म्हातारा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, आणि मोबाईल नावाची वस्तू त्यानं जन्मात हाती धरली नव्हती.

गावाची रीतच तशी. जंगलातल्या बांबूचा सौदा एकूणएक घराच्या होकाराशिवाय करायचा नाही, आणि होकार ज्याचा त्यानं समोर येऊन द्यायचा. परदेशातली एक कंपनी गावात बांबूच्या वस्तूंचा कारखाना काढायला पैसा घालणार होती. फक्त ठराव पोचायची खोटी.

"नीलाबाई, एका माणसासाठी काऊन अडून राह्यलो?" ग्रामसभेचा सचिव सुनिल कुरकुरला. "पाठवून देऊ."

"आज एकाले सोडलं, तर उद्या दहाले सोडशीन," अध्यक्ष नीलाबाई म्हणाली आणि विषय संपला.

खरं तर सगळ्यांत जास्त घाई तिलाच होती. तिची रंजीता तिरुपूरला कपड्यांच्या गिरणीत मशीनवर बसायची. होळीला आली ती कारखान्याच्या आशेनं परत गेलीच नव्हती. कित्येक वर्षांनी घरात दोन ताटं वाढली जात होती. पण अध्यक्षबाईचा हेका म्हणजे हेका!

तीन आठवड्यांनी कंपनीची मेल आली. सुनिलनं ती दोनदा वाचली.

"त्यांच्या देशात डॉलर आटले, बाई. बाहेरून तेल आणालेच पुरून नाई राह्यले. म्हणून सरकारनं परदेशात पैसा गुंतवणं बंद केलं. एक तारखेच्या आधी ज्याचे कागद पोचले, त्यालेच सूट."

"आज किती तारीख?"

"सहा."

त्या सरकारला शिव्या घालाव्यात, तर ते कुठलं हेही नीलाबाईला धड ठाऊक नव्हतं. शिव्या द्यायला जवळ एकच बाई होती, ती स्वतः.

रंजीतानं बॅग भरली. "गिरणीत जागा हाय म्हणे, आई," एवढंच बोलली आणि सकाळच्या गडचिरोलीच्या बसनं गेली. पोरीला आपणच घालवलं, असं नीलाबाईला वाटत होतं, आणि तसं नाही म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सुकलू बसमधून उतरला. मिरचीनं बोटं सोललेली. घरी न जाता तडक तिच्या दारात आला.

"बाई, बसमधी समजलं, माह्यासाठी कागद थांबवला तुनं. गरिबाची एवढी किंमत कोण करते? आण तो कागद."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. नीलाबाईनं आतून ठराव आणला, शाईची डबी उघडली. सुकलूनं अंगठा नीट दाबला, वर फुंकर मारली.

"झालं?"

"झालं, भाऊ."

"मंग रंजीताले हाक मार," तो घराच्या आत डोकावत म्हणाला. "सांग तिले, आता कुठी जाचं काम नाई."